नीलाच्या हातची शून्यं

९ फेब्रुवारी २०१०, मंगळवार

काल माझी मशीन सुरू केली, आज घरी फुलचूरला आलो. अंग मोडून आलं आहे, तरी लिहायला बसले. नागपूरच्या डॉक्टर मॅडमनी एक वही दिली आणि ती पाहूनच मला ही वेगळी वही काढावीशी वाटली. ती त्यांची. ही माझी.

त्यांच्या वहीत नुसते चौकोन आहेत, रोजचा एक. फिट आली तर किती वाजता, किती मिनिटं. नाही आली तर शून्य. ‘रंजिता, न चुकता भरायचं. या वहीवरच मी करंट वाढवणार आणि गोळ्या ठरवणार,’ मॅडम म्हणाल्या. मी म्हटलं, ‘मॅडम, मला कसं कळणार? मी तिथे नसतेच.’ त्या हसल्या. मी गंमत केली नव्हती. अकरा वर्षांची होते तेव्हापासून फिट येते, आता चोवीस पूर्ण झाली, पण माझी एकही फिट मी पाहिलेली नाही. अख्ख्या फुलचूरनं पाहिली, मीच नाही.

‘सोबत कोण झोपतं?’ मॅडमनी विचारलं. ‘मी,’ नीला म्हणाली. ‘मग तूच भर.’ नीला माझी धाकटी बहीण, यंदा बारावीला आहे. बाबांची राईस मिलमध्ये बॉयलरवर पाळी असते, आई चुलीच्या खोलीत झोपते, आणि माझ्या बहुतेक फिटा झोपेतच येतात. म्हणजे माझ्या दुखण्याची सगळी माहिती एकट्या नीलाजवळ आहे.

मशीन म्हणजे चपटी डबी. डाव्या छातीवर कातडीच्या आत शिवली आहे, तिथून तार मानेतल्या नसेला. दर पाच मिनिटांनी अर्धा मिनिट त्या नसेत बारीक करंट जातो आणि नस तो वर मेंदूकडे नेते. तेवढा वेळ माझा आवाज बसतो. झटका आलाच तर डबीवरून मॅग्नेट फिरवायचा, मग ती जास्तीचा करंट सोडते. मॅग्नेट घड्याळासारखा मनगटावर बांधता येतो. नीलानं तो लगेच आपल्या मनगटावर बांधला.

बाबा म्हणाले, ‘मले तं पोरीले मोटरपंप बसवल्यावानी वाटून राहिलं.’ आईनं त्यांच्याकडे असं पाहिलं की ते उठून ओट्यावर गेले.

२ मार्च

फेब्रुवारीत नऊ. आधी महिन्याला पंधरा-सोळा यायच्या. नीलानं चौकोन असे सुबक भरले आहेत की जणू परीक्षेचा पेपर.

काल दिवसा ओट्यावर आली. शेजारच्या फुलवंताबाई नेहमीसारख्या चप्पल घेऊन धावल्या, पण नीलानं त्यांना अडवलं आणि मॅग्नेट फिरवला. दोन मिनिटांत थांबली म्हणे. फुलवंताबाई आईला सांगून गेल्या, ‘त्या लोखंडाच्या तुकड्यात का आहे वो? चपलेचा वासच काम करते.’ तेरा वर्षं त्यांची चप्पल माझ्या नाकाशी आहे. वास काम करत असता तर मी आतापर्यंत पैलवान झाले असते.

२१ एप्रिल

दोनदा करंट वाढवला. मार्चमध्ये सहा, एप्रिलमध्ये आतापर्यंत चार. दिवसाची फिट तर महिनाभर नाही, आणि दिवसाची मला स्वतःला कळते, कारण भोवती माणसं असतात.

नीलाची बारावी आटोपली. तिला नर्सिंगला जायचं आहे, नागपूरला, तीन वर्षं. आज जेवताना तिनं विषय काढला. बाबा म्हणाले, ‘जा ना. पण रंजूजवळ कोण झोपन? तुही माय दिवसभर भट्टीवानी राबते, ते का जागन?’ मलाच राग आला. मी काय तिच्या पायात बांधलेली धोंड आहे का? मी म्हटलं, ‘तीन महिने वहीत शून्य आलं की नीला मोकळी. लावा पैज.’ बाबा म्हणाले, ‘बरं, तीन महिने.’ नीलाला मी डोळा मारला. ती हसली नाही.

माझी स्वतःची यादी वेगळीच आहे. विहिरीवर जायचं नाही, सायकल नाही, एकटीनं चूल नाही, धानाच्या बांधीत पाणी असताना रोवणीला नाही, न्हाणीची कडी लावायची नाही. अकरा वर्षांची असल्यापासून मी दार नुसतं लोटून अंघोळ करते. बाहेर कोणीतरी दर दोन मिनिटांनी ‘रंजू!’ ओरडतं आणि मला आतून ‘हव’ म्हणावं लागतं. एकदा कडी लावून, कोणाला हव न म्हणता अंघोळ करायची आहे. बस, एवढीच माझी मागणी.

२ मे

बारा दिवस! सकाळी उठल्या उठल्या नीलाला गदागदा हलवून विचारलं, ‘बारा झाले ना नीला? बारा?’ ती भिंतीकडे तोंड करून होती. ‘हव, बारा,’ म्हणाली. मी खाटेवरच नाचले. तिनं वही उघडून माझ्यासमोर शून्य काढलं.

जीभ जरा चावली गेली आहे, तिखट लागतं. नीला म्हणाली, ‘झोपेत दात खाऊन राहिली होती तू.’

१ जून

मे महिना पूर्ण शून्य. एकतीस शून्यं. मी बोट ठेवून ठेवून मोजली.

आनंदानं वेड लागायची पाळी आहे. फुलवंताबाईंना सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, वाटेवरच्या बाईलाही थांबवून सांगितलं असतं. आई मात्र अशी बाई आहे की चांगलं ऐकूनही तोंड पाडते. ‘बस वो, गावभर कायले सांगून राहिली?’ म्हणाली. मी म्हटलं, ‘फिटा गावभर दाखवल्या, आता शून्यही दाखवते.’

नीला फार गुणी झाली आहे. उजाडायच्या आत उठते आणि चादरी धुऊन वाळत घालते. एवढ्या उन्हाळ्यात घाम येतो म्हणते. खांदे सकाळी ठणकतात, तर तेलही लावून देते. ‘आतापासूनच नर्स झाली काय?’ मी चिडवलं. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं आहे. मोबाईलवर कोणाशी बोलत बसते की काय, विचारायला पाहिजे.

१७ जून

नागपूर. आज लॅपटॉपवाला आला नव्हता. माझ्या डबीशी बोलायला एक लॅपटॉप लागतो, तो मशीनच्या कंपनीचा माणूस बॅगेतून आणतो, आणि तो माणूस सगळ्या विदर्भाला एकटाच आहे. मॅडम म्हणाल्या, ‘काही हरकत नाही, वहीवर भागेल.’ वही पाहून त्यांचा चेहरा उजळला. ‘जवळजवळ दोन महिने एकही नाही? मग करंट आहे तेवढाच ठेवू. एक गोळी कमी करू या.’ ती सकाळची जाड पिवळी गोळी. तिच्यापायी मला अकरापर्यंत पेंग असायची.

नीला बाजूला बसली होती. एकदम म्हणाली, ‘मॅडम, गोळी आत्ताच कमी कराची का? अजून एक महिना पाहा ना.’ मी टेबलाखालून तिला लाथ मारली. माझी गोळी कमी होते तर हिच्या पोटात कायले दुखते?

मॅडमनी विचारलं, ‘का? तुला काही वाटतं का?’ नीला म्हणाली, ‘नाही, असंच.’

५ जुलै

आज दोन गोष्टी झाल्या, कोणती मोठी ते मला ठरवता येत नाही.

एक, फुलचूरच्याच के.जी. शाळेत मला घेतलं. मोठ्या मॅडम चंचलबाई, गोंदियाच्या, हिंदीतच बोलतात. त्यांनी विचारलं, ‘कोई प्रॉब्लेम तो नहीं?’ मी छाती पुढे काढून म्हटलं, ‘होता, अब नहीं है. लिखा हुआ है.’ पोरं माझा आवाज बसला की खूश होतात. मी त्यांना सांगितलं आहे, मॅडमच्या आवाजाची मधली सुट्टी झाली. तीस म्हणेपर्यंत मोजतात. वर्ग आपोआप गणित शिकतो.

दुसरी, मी कडी लावून अंघोळ केली. आई बाहेर उभीच होती, मी पाहिलं नाही पण तिची सावली फटीत दिसत होती. ‘रंजू!’ ओरडली. मी हव म्हटलं नाही. मुद्दाम. तिनं दार धडाधडा वाजवलं आणि मी आत हसत बसले. बाहेर आले तर ती पांढरीफटक, कपाळाला घाम. ‘मारतेस का मले?’ म्हणाली. एवढं काय घाबरायचं?

१३ ऑगस्ट

नर्सिंगच्या यादीत नीलाचं नाव लागलं. बाबांनी स्वतः वही मागून पाहिली, जाड बोटानं एकेक चौकोन खाली सरकत गेले. मग वही मिटून म्हणाले, ‘जाय बाई. रंजूनं पैज जिंकली.’

रात्रीच्या भाकरी थापताना नीला म्हणाली, ‘ताई, तू म्हण ना मले, नको जाऊ.’ मी म्हटलं, ‘वेडी आहेस काय? मी काऊन म्हणू?’ ‘एकदा म्हण फक्त.’ मी तिला पिठाच्या हातानं चापट मारली. यादीत नाव लागावं म्हणून तीन महिने तडफडली आणि आता नखरे.

२९ ऑगस्ट, रविवार

नीला गेली. गोंदिया स्टेशनवर मॅग्नेट आपल्या मनगटावरून काढून आईच्या मनगटावर बांधला. माझ्या नाही, आईच्या. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग नीला माझ्या गळ्यात पडून अशी रडली की लोक पाहू लागले. मी म्हटलं, ‘तीन तासांचा रस्ता आहे, परदेशात नाही चालली.’

घरी आल्यावर पाहिलं तर आईनं आपलं अंथरूण माझ्या खोलीत आणून टाकलेलं. म्हणाली, चुलीच्या खोलीत डास फार झाले. मी म्हटलं, ‘मला आता कोणाची राखण नको.’ ती म्हणाली, ‘डासासाठी आली मी.’ वही आता तिच्याकडे. तिला लिहिता येत नाही फारसं, पण शून्य काढता येतं.

१८ सप्टेंबर

आईचं वय झालं. दिवसा बसल्या बसल्या डोळा लागतो तिचा. परवा भाजी करपवली. खाटेखाली रोज कापलेला कांदा सापडतो. विचारलं तर म्हणते, उष्णतेसाठी ठेवते. सप्टेंबरात कसली आली उष्णता? या बाईला कोण शिकवणार.

सकाळी खांदे पुन्हा ठणकतात. पोरांना उचलून घेते, त्याचं असेल.

५ ऑक्टोबर

आली.

वर्गात आली, दिवसा, चाळीस पोरांसमोर. फळ्यावर बदक काढत होते एवढं आठवतं. शुद्धीवर आले तेव्हा मी जमिनीवर, साडी ओली, तोंडात रक्त. पोरं एका कोपऱ्यात एकमेकांवर चढल्यासारखी. एक मुलगी तोंडानं आकडे मोजत होती. तिला वाटलं मधली सुट्टी झाली. तीस झाले, मग शंभर झाले असतील, ती मोजतच होती.

चंचल मॅडमनी रिक्षातून घरी सोडलं. ‘रंजिता मैडम, मन छोटा मत करो. मगर बच्चे डर गए हैं, पेरेंट्स के फोन आ रहे हैं, अब आप मत आइए. आपने तो कहा था लिखा हुआ है.’

मैंने कहा था. लिखा हुआ था. पाच महिने शून्य लिहिलेलं होतं. मग हे कुठून आलं?

८ ऑक्टोबर

बाबा आणि मी नागपूरला. आज लॅपटॉपवाला होता. हातात मावेल एवढा एक ठोकळा त्यानं माझ्या छातीवर धरला, लॅपटॉपवर ओळी आल्या. तो आपला सहज म्हणाला, ‘मॅग्नेट बराच वापरलाय यांनी.’

मॅडम म्हणाल्या, ‘कधी?’ तो म्हणाला, ‘मशीन शेवटच्या पंधरा वेळांच्या तारखा लक्षात ठेवते.’ आणि वाचू लागला. चार ऑगस्ट, पहाटे तीन चाळीस. सात ऑगस्ट, पहाटे चार पाच. तेरा ऑगस्ट. अठरा. बावीस. सत्तावीस. मी मॅडमच्या टेबलावरची वही उघडली. चार ऑगस्टला नीलाच्या अक्षरात शून्य. सातला शून्य. तेरालाही शून्य, ज्या दिवशी तिची यादी लागली.

मग सप्टेंबर सुरू झाला. एक, सहा, दहा, सतरा. नीला तर एकोणतीस ऑगस्टलाच गेली. मला वाटलं मशीनच चुकली. मग आईच्या मनगटावरचा मॅग्नेट डोळ्यांसमोर आला.

बाबा म्हणाले, ‘साहेब, पोरीनं झोपेत स्वतःच फिरवला असन.’ माझा भोळा बाप. मॅग्नेट कधी माझ्या हातात होताच कुठे?

मॅडमनी चष्मा काढला. मला म्हणाल्या, ‘रंजिता, करंट वाढवायला अजून तीन पायऱ्या होत्या. मी थांबले, कारण फिट नाही असं तुम्ही लिहिलं. उलट गोळी कमी केली.’ तुम्ही लिहिलं, म्हणाल्या. तुम्ही म्हणजे मी. मला ओरडून सांगावंसं वाटलं की मी नाही, मी नाही, मी तर झोपले होते! पण नेमका तेव्हा डबीनं करंट सोडला आणि आवाज बसला.

करंट एक पायरी वाढवला. पिवळी गोळी परत सुरू. शेजारी जो कोणी झोपेल त्यानं खरं लिहायचं, नाहीतर आम्हाला काही करता येणार नाही, असं मॅडमनी बजावलं. जानेवारीत पुन्हा बोलावलं.

९ ऑक्टोबर

बाबा मिलवर गेल्याबरोबर आईला धरलं. ती तांदूळ निवडत होती. मी वही तिच्या सुपात टाकली. ‘हे काय?’

तिनं वर पाहिलं नाही. म्हणाली, ‘मीच सांगतलं नीलाले. तिचा दोष नाही.’

‘काऊन?’

‘दोन पोरी आहेत मले. एक तरी सुटू दे म्हटलं.’

सूप तसंच ठेवून मी बाहेर आले. एक तरी. म्हणजे दुसरी सुटणार नाही हे आईनं ठरवून टाकलं होतं. छातीत डबी शिवून पुरते चार महिने झाले नव्हते, करंट पुरता वाढला नव्हता, मॅडमला आशा होती, त्या लॅपटॉपवाल्यालाही होती, आणि माझ्या आईनं माझ्यावर माती टाकून हात झटकले होते. मी वेडीसारखी गावभर सांगत फिरत होते आणि ती म्हणत होती, गावभर कायले सांगून राहिली.

संध्याकाळी चहा घेऊन आली. ‘मी जागत होती ना वो पोरी. एकही दिवस डोळा लावला नाही.’ मी चहा घेतला नाही. जागून काय उपकार केले? खोटं सांभाळायला जागत होती.

तिला सांगितलं, आपलं अंथरूण घेऊन जा. वही मी माझ्याकडे घेतली आहे.

१७ ऑक्टोबर, रविवार

दरवर्षीप्रमाणे दीक्षाभूमीला गेलो. आई-बाबा वंदनेच्या रांगेत लागले. मी नीलाला आधीच निरोप दिला होता, पुस्तकांच्या स्टॉलच्या मागे भेट. पांढऱ्या गणवेशात आली. एवढ्या लाखभर माणसांत ती मला लांबूनच दिसली आणि आधी आनंदच झाला. मग आठवलं.

‘जय भीम ताई,’ म्हणाली. मी म्हटलं, ‘बस.’

आईनं फोनवरून सांगितलेलंच होतं तिला. नाही म्हणाली नाही, रडलीही नाही. मी म्हटलं, ‘पहिलं खोटं कधीचं?’

‘दोन मे.’

‘आईनं सांगितलं म्हणून?’

‘नाही. आईले मागून माहीत झालं. दोन मेले तू उठली आन् म्हणाली, बारा झाले ना नीला, बारा? पहाटेच येऊन गेली होती. तुह्या तोंडाकडं पाहून माह्यानं सांगणं झालं नाही. म्हटलं उद्या सांगू.’

‘आणि उद्या?’

‘उद्या तू तेरा म्हणाली.’

मी विचारलं, ‘मग नर्सिंग?’ ‘ते बी होतं, ताई. खोटं नाही बोलत. पहिले तुह्यासाठी लिहिलं. मंग माह्यासाठी कधी लिहू लागली, मलेच समजलं नाही.’

माझा तोल सुटला. लोक थांबून पाहत होते, पाहू देत. ‘मॅडमनं गोळी कमी केली तेव्हा तू बाजूला बसली होती! मी कडी लावून न्हात होते! मरायला ठेवून गेली तू मले!’

‘मी म्हटलं होतं मॅडमले, थांबा.’

‘असंच म्हणाली तू. कायले विचारलं तर असंच म्हणाली!’

मग मी पिशवीतून मॅडमची वही आणि लाल पेन काढला. म्हटलं, ‘सांग.’ आणि ती सांगू लागली. मे दोन, सहा, अकरा, पंधरा, बावीस, अठ्ठावीस. बावीसला दोनदा. जूनच्या सात. जुलैच्या आठ, सतरा जुलैची सगळ्यात मोठी, सहा मिनिटं, तेव्हा तिनं तीनदा मॅग्नेट फिरवला. एकाही तारखेला अडखळली नाही. वेळ, मिनिटं, कोणत्या कुशीवर होते, सगळं. मी प्रत्येक शून्यावर लाल रेघ मारत गेले.

म्हणजे सगळं लक्षात ठेवून खोटं लिहीत होती. विसरून लिहिलं असतं तर मी एखाद वेळेस माफही केलं असतं.

निघताना म्हणाली, ‘बाबाले नको सांगू. ते मले परत आणतीन.’

मी वही पिशवीत टाकली.

२० ऑक्टोबर

अकरा दिवस एकटी झोपते आहे. आईला दारात फिरकू देत नाही. पण चौकोनात लिहू काय? जीभ कापलेली असली तर एक लिहीन. नसली तर? आज सकाळी जीभ बरी होती, चादर कोरडी होती, पण खांदा दुखत होता. प्रश्नचिन्ह काढलं. मॅडम प्रश्नचिन्हावर करंट कसा वाढवणार?

बाबांना काहीच ठाऊक नाही. नागपूरला तारखा ऐकूनही ते मशीन बिघडली असंच धरून बसले आहेत. सांगू की नको? नीलाचं वर्ष बुडेल. बुडू दे. माझी शाळा गेली ती कोणी भरून दिली? पुन्हा वाटतं, ती अठरा वर्षांची आहे. मीही कधीतरी अठरा वर्षांची होते आणि तेव्हा मला कोणीच कुठे जायला सांगितलं नव्हतं.

२५ ऑक्टोबर

सांगितलं. बाबा जेवून हात धूत होते. सगळं सांगितलं, लाल रेघा दाखवल्या. आई मध्ये पडली, ‘माहंच काम आहे ते, पोरीले नका बोलू.’ मी तिला पुरतं बोलू दिलं नाही.

मला वाटलं होतं बाबा ओरडतील. ते नुसते आईकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘सुशिला, मले तरी सांगाचं होतं. मी वहीवर बोट ठेवून ठेवून वाचली.’ ओला हात तसाच. मला विचारलं, ‘आता का करू, सांग.’

मी म्हटलं, ‘आणा तिला घरी. तिनंच भरायचं आहे. आता खरं भरू द्या.’

मला ठाऊक होतं मी काय मागते आहे. रागात निसटलं असं म्हणायची सोय नाही.

३१ ऑक्टोबर

बाबा जाऊन घेऊन आले. पेटी ओट्यावर ठेवली आणि फुलवंताबाईंनी विचारलं, ‘का वो, सुट्टी लागली का?’ नीला म्हणाली, ‘हव, सुट्टी.’ किती सहज निघतं तिच्या तोंडून.

पांढरा गणवेश घडी करून पेटीच्या तळाशी घातला. मी पाहते आहे हे पाहून पेटी बंद केली. मला जिंकल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं.

मॅग्नेट आईकडून घेऊन मनगटावर बांधला. माझ्या शेजारी, पूर्वीच्याच जागी, भिंतीच्या बाजूला झोपली.

३ नोव्हेंबर

आज तिसरी सकाळ. डोळे उघडले तर नीला उठून बसली होती. म्हणाली, ‘काल नाही आली, ताई. परवा बी नाही, तेरवा बी नाही. तिन्ही दिवस जागीच होती मी.’

करंट वाढला आहे, गोळी सुरू आहे. मॅडम म्हणाल्याच होत्या फरक पडेल. असेल.

मी उठून आरशात जीभ पाहिली. दोन्ही कडा पाहिल्या. खांदे फिरवून पाहिले. मग चादर उचलून नाकाशी नेली. मागे वळले तर नीला पाहत होती. तिनं वही उशीखालून काढून माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, ‘तूच लिही.’

पेन घेऊन बसले. तिकडे आईनं चहा टाकला, बाबा मिलवर गेले, ऊन खाटेपर्यंत आलं. तेरा वर्षं मला हे शून्य हवं होतं. कदाचित आज ते खरंच माझ्या घरी आलं असेल. शपथ घे म्हणावं तर तिनं घेतलीही असती.

तीन चौकोन मोकळेच ठेवले आहेत. नीला अजून खाटेवर बसून आहे, मी काय लिहिलं ते तिनं विचारलं नाही.